बुधवारचे आठ रूळ

माझ्या वडिलांचा उजवा हात मी मोडला. मनगटाच्या जरा वर, दोन्ही हाडं. हॅमिल्टनला, आमच्या स्वयंपाकघरात, बुधवारी संध्याकाळी पाच-सव्वापाचच्या सुमारास, बाहेर लख्ख ऊन असताना. नंतर पुष्कळांनी मला समजावलं, की रागाच्या भरात होतं असं, म्हाताऱ्या माणसाची हाडं ठिसूळच असतात. मी त्यांचं ऐकून घेतो. पण तो हात पिरगाळताना मला काय वाटत होतं ते मला पक्कं माहीत आहे. बरं वाटत होतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, हायस्कुलात, त्यांनी सदतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शिकवलं म्हणजे पोरांच्या तळहातातून आत घातलं. त्यांच्याकडे शिसवी लाकडाचा गोल रूळ होता, वहीत रेघा मारायला वापरतात तसला, हाताळून हाताळून काळा गुळगुळीत झालेला. त्या रुळाची एक पद्धत होती. शब्द चुकला की चुकणाऱ्याने स्वतः उठायचं, टेबलावरचा रूळ उचलून अण्णांपुढे धरायचा आणि मग उजवा तळहात पसरायचा. किती पडणार ते अण्णा सांगत. मोजायचं मात्र मार खाणाऱ्याने, तेही इंग्रजीत. मोजताना आवाज कापला तर पुन्हा वनपासून. साध्या चुकीला एक, तीच चूक परत केली तर तीन, आणि उलट उत्तर दिलं तर आठ. आठच्या वर ते कधी जात नसत आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान होता.

घरातही हीच पद्धत. त्यामुळे अण्णा दारातून आत आले की आम्ही भावंडं त्यांच्या तोंडाकडे बघत नसू. हाताकडे बघायचो. बोटं मोकळी असली तर ठीक, अंगठा मुठीत दाबलेला असला तर पुस्तक उघडून बसायचं.

त्यांचं इंग्रजी छापील होतं. अक्षर छापलंय म्हणजे त्याला आवाज आहे, तो गिळायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे आमच्या गावात दोन पिढ्या कप-बोर्ड म्हणत मोठ्या झाल्या. रिसीप्टमधला प आम्ही ठणकावून म्हणायचो, प्लंबरमधला ब सोडायचो नाही, आणि व्हेजिटेबल, कम्फर्टेबल या सगळ्यांच्या शेवटी एकेक टेबल मांडून ठेवलेलं असायचं. आणि आठवड्याचा चौथा दिवस होता वेड-नेस-डे. तीन तुकडे, तिन्ही स्वच्छ.

सातवीत असताना मी शेजाऱ्यांच्या रेडिओवर क्रिकेटची इंग्रजी कॉमेंटरी ऐकायचो. कळायचं फार थोडं, पण कान लावून बसायचो. एकदा त्यात तो माणूस वेन्झ्डे म्हणाला. मला ते इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी वर्गात वाचायची पाळी आली तेव्हा मी तसंच वाचलं. अण्णा म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वेन्झ्डे वाचलं. वर म्हणालो, "रेडिओवर असंच म्हणतात." अण्णांनी बोटाने टेबलाकडे खूण केली. मी रूळ आणून त्यांच्यापुढे धरला आणि हात पसरला. आठ. चार दिवस मला पेन धरता आलं नाही. आई भाकरी मोडून भरवत होती आणि अण्णा समोर बसून जेवत होते.

पुण्यात इंजिनिअर झालो, नोकरी केली, आणि दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनी बायको आणि तान्ही मुलगी घेऊन न्यूझीलंडला, हॅमिल्टनला आलो. तिथल्या ‘ते रापा’ नावाच्या भागात एका लहान वर्कशॉपमध्ये काम मिळालं, पंप दुरुस्तीचं. पहिल्याच आठवड्यात चहाच्या सुट्टीत, जिला इथे स्मोको म्हणतात, कुणीतरी विचारलं डिलिव्हरी कधी, आणि मी म्हणालो, "वेड-नेस-डे." सगळी खोली हसली. वाईट हसली नाही, खरं सांगायचं तर. पण हसली. एक उंच, लाल मानेचा फिटर होता, त्याने ते दोनदा म्हणून बघितलं, आणि मग म्हणाला, "यू मीन वेन्झ्डे, मेट."

त्या संध्याकाळी मी घरी न जाता गाडीतच बसलो. डिक्शनरी काढून बघितली. बरोबर होतं. म्हणजे सातवीतला मी बरोबर होतो. बरोबर असल्याबद्दल मी आठ रूळ खाल्ले होते, आणि मग वीस वर्षं जपून, घोटून, चूक म्हणत आलो होतो, माराच्या धाकाने. त्या क्षणी अण्णा समोर असते तर मी त्यांचा गळा धरला असता. ते बारा हजार किलोमीटरवर होते म्हणून वाचले.

फिटर मात्र समोर होता. दर बुधवारी सकाळी तो लांबूनच ओरडायचा, "हॅपी वेड-नेस-डे!" चौथ्या बुधवारी माझं डोकं फिरलं. मी त्याची कॉलर धरली आणि त्याला मागच्या लोखंडी कपाटावर आपटला. एकदा, मग पुन्हा एकदा. दात ओठात घुसून रक्त आलं. नोकरी जायची, पण लेखी ताकिदीवर निभावलं, कारण तो स्वतःच साहेबाला म्हणाला की मीच जास्त चिडवलं. पुढच्या बुधवारी त्याने नुसतं "मॉर्निंग" म्हटलं आणि दोन हात लांबून गेला. मला ते फार आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

घरी मी कसा होतो? एकदा फोन कंपनीच्या माणसाने माझं आडनाव समजून घेताना पाच वेळा "सॉरी?" म्हटलं. सहाव्यांदा मी रिसीव्हर ठेवला आणि भिंतीत ठोसा मारला. इथल्या भिंती जिबच्या, म्हणजे आत पोकळ पुठ्ठ्यासारख्या. हात कोपरापर्यंत आत गेला. त्या भोकावर बायकोने पुण्याहून आलेलं कॅलेंडर लावलं, आणि पुढे वर्षं बदलली तशी कॅलेंडरं बदलली, भोक तसंच राहिलं. पण एका गोष्टीचा मला ताठा होता. मुलीला मी कधी चापटसुद्धा मारली नव्हती. रुळाची ती परंपरा माझ्यापाशी संपली, असं मी मित्रांमध्ये छाती काढून सांगायचो. मुलगी सात वर्षांची झाली होती आणि तिच्या तळहातावर एक वळ नव्हता.

मग आई गेली आणि अण्णा एकटे पडले. तीन महिन्यांसाठी त्यांना बोलावून घेतलं. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. ऑकलंड विमानतळावर ते बाहेर आले आणि गाडीत बसताच म्हणाले, "तुमच्या कस्टमवाल्याने माझा रूळ तपासला."

"रूळ आणलात?"

"फॉर्मवर लाकडी वस्तू विचारली होती. मी खरं ते लिहिलं. त्याने कीड लागलीय का बघितलं, ठोकून बघितलं, परत दिला. वर म्हणतो, स्वीट ॲज. मी म्हटलं, ॲज व्हॉट? ॲज शुगर? ॲज हनी? वाक्य अर्धवट टाकून गेला की रे तो."

स्वीट ॲज म्हणजे इथे नुसतं ‘ठीक आहे’, पण मला हसू आलं नाही. मोटरवेवर फ्लॅट बुशच्या नव्या घरांच्या रांगा मागे पडेपर्यंत मी दातओठ खात गाडी चालवली. मग म्हणालो, "अण्णा, एकदाच सांगतो. माझ्या पोरीला हात लावायचा नाही. तो रूळ तिच्यावर उगारलात तर तुम्हाला मी सोडणार नाही."

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "गाई फार आहेत रे इथे."

त्यांनी एक वही सुरू केली. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे वाण्याच्या दुकानात, पेपर आणायला जायचे आणि येऊन इथल्या लोकांच्या चुका लिहायचे. सिक्सला सक्स म्हणतात. पेन मागितलं तर पिन म्हणतात आणि देतात पेनच. "सगळ्या गावाला ओळीने उभं करायला पाहिजे," म्हणायचे. दुपारी तीननंतर मुलगी शाळेतून आली की दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. ती तिचं शाळेचं पुस्तक वाचायची, ते ऐकायचे. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची इंग्रजीतच, त्यामुळे अण्णांना सतत तिच्या इंग्रजीत उतरावं लागे.

बायको सहानंतर यायची. मी पाचला. ते दोन तास मी कामावर घड्याळाकडे बघत असायचो. घरी आलो की पहिल्यांदा मुलीचे दोन्ही तळहात उलटे करून बघायचो.

"व्हाय डू यू ऑल्वेज डू दॅट, बाबा?" ती विचारायची.

"असंच," म्हणायचो.

हात स्वच्छ असायचे. पण एकदा दाराशी बूट काढताना मला आतून टप् असा आवाज आला. लाकूड कातडीवर पडल्याचा आवाज मी झोपेतही ओळखीन. आत धावलो, तर दोघंही पुस्तकात डोकं घालून बसलेली, आणि रूळ वहीवर. मुलगी ओठ दाबून हसू आवरत होती. मी तिचे हात बघितले. काही नव्हतं. अण्णा म्हणाले, "रेघा मारतोय." त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही.

मग तो बुधवार. दिवसभर एका गिऱ्हाइकाशी फोनवर तेच तेच बोलून मी वैतागलो होतो. त्याला माझं बोलणं कळत नव्हतं, मला त्याचं. शेवटी साहेबाने फोन माझ्या हातून घेतला आणि एका मिनिटात काम संपवलं. तो फोन माझ्या हातून कसा काढून घेतला गेला, ते घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर होतं. दार उघडंच होतं. बूट न काढता आत गेलो.

अण्णा माझ्याकडे पाठ करून उभे होते. त्यांचा उजवा हात पुढे, त्यात रूळ. टेबलाच्या पलीकडे माझी मुलगी उभी होती, आणि तिचा हात पुढे पसरलेला होता. तळवा वर. चेहरा गंभीर.

मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. मागून त्यांचं मनगट धरलं आणि पाठीकडे पिरगाळलं. रूळ पडला. तरी मी थांबलो नाही. दुसऱ्या हाताने त्यांची मान धरून त्यांना टेबलावर दाबलं आणि तो हात वर, आणखी वर रेटला. "मोजा," मी म्हणत होतो. "मोजा आता. वन म्हणा. म्हणा वन!" ते म्हणाले नाहीत. त्यांनी आवाजच काढला नाही. मग ओली फांदी मोडल्यासारखं काहीतरी माझ्या मुठीत मोडलं आणि मुलगी किंचाळायला लागली. ती किती वेळ आधीपासून माझ्या शर्टाला लोंबकळून मला मागे ओढत होती, ते मला तेव्हा कळलं.

हॉस्पिटलला मीच गाडी चालवत नेलं. अण्णांनी हात टॉवेलात घेऊन मांडीवर ठेवला होता, चेहरा पांढराफटक. मुलगी मागे त्यांच्याशेजारी बसली होती. उतरल्यावर पार्किंग ओलांडताना मी सवयीने तिचा हात धरायला हात पुढे केला. ती अण्णांच्या डाव्या बाजूला गेली.

नर्सने विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "आय फेल डाउन, मॅडम. इन द बाथ-रूम. व्हेरी स्लिपरी." शाळेत कुणी खोटं बोललं तर ते त्याला वर्गाबाहेर काढायचे.

"सॉरी?" नर्स म्हणाली.

अण्णांनी पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. नर्सला तरी कळलं नाही, किंवा कळूनही पटलं नसेल. ती वाकली आणि मुलीला विचारलं, "कॅन यू टेल मी, स्वीटी?"

मुलीने माझ्याकडे बघितलं नाही. "बाबा डिड इट," ती म्हणाली. "आजोबा वॉज जस्ट गिव्हिंग मी द रूळ."

मग तिने सगळं सांगितलं. तिच्या इंग्रजीत, भरभर, रडत. त्यांचा खेळ होता तो. आजोबांचा शब्द चुकला की आजोबा रूळ तिच्यापुढे धरायचे, हात पसरायचे, आणि ती मारायची, हळूच, एक. आजोबाच मोजायचे. बाबांना सांगायचं नाही असं ठरलं होतं, कारण बाबांना रूळ आवडत नाही. कबर्ड झालं होतं, रिसीट झालं होतं, प्लमर झालं होतं. आज तिने पुस्तकात वेन्झ्डे वाचलं. आजोबा म्हणाले चूक. ती म्हणाली नाही, तुमचंच चूक. आजोबांनी तिला बाबांची डिक्शनरी आणायला लावली, तो उच्चार बघितला, आणि मग खूप वेळ नुसते बसून राहिले. तिला वाटलं त्यांना बरं नाही. मग ते उठले, रूळ तिच्यापुढे धरला. ती घ्यायला हात पुढे करत होती.

"ही सेड धिस वन इज एट," ती म्हणाली. "द अदर्स वर ऑल वन. आय सेड दॅट्स हीप्स. ही सेड नो, धिस वन इज एट."

नर्सला त्यातलं काय कळणार? मला मात्र ते आठ कुठले ते कळलं. मी अण्णांकडे बघितलं. ते समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचत होते. नर्स माझ्याकडे वळली आणि वाट बघत राहिली.

"आय ब्रोक इट," मी म्हणालो. "ही इज माय फादर."

या देशात सहा वर्षांत मी बोललेलं पहिल्या फटक्यात कुणाला समजलं असेल तर ते हे वाक्य. तिने मला पुन्हा विचारलं नाही. फोन उचलला.

पोलीस आले. अण्णांनी तक्रार द्यायला साफ नकार दिला, म्हणून ताकीद देऊन सोडलं. मुलांचं बघणाऱ्या खात्याची एक बाई घरी दोनदा आली. मुलांना मारण्यावरून तेव्हा कायदा नुकताच बदलला होता आणि सगळीकडे तीच चर्चा होती. मी त्या बाईला सांगितलं, की मुलीला मी कधी बोटसुद्धा लावलेलं नाही, तिलाच विचारा. बाईने विचारलं. मुलगी खुर्ची ओढून भिंतीपाशी घेऊन गेली, तिच्यावर चढली आणि तिने कॅलेंडर उचलून भोक दाखवलं. मग दर गुरुवारी मी एका हॉलमध्ये जायला लागलो, तिथे माझ्यासारखे दहा-बारा पुरुष गोल करून बसायचे. बरं झालं गेलो ते.

अण्णांचं प्लास्टर सहा आठवडे होतं. त्यांना आंघोळ मी घालायचो. प्लास्टिकच्या पिशवीत हात गुंडाळून, स्टुलावर बसवून. एकदा पाठ चोळता चोळता मी विचारलं, "अण्णा, ते आठ तुमच्या लक्षात होते?"

त्यांनी मान पुढे वाकवली. मी पाणी घातलं. साबण उतरला. मग म्हणाले, "आठ नव्हते ते. सातला तुझा आवाज कापला. मी पुन्हा वनपासून घेतलं. पंधरा झाले."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. ते खरं होतं. मी ते विसरलो होतो, अण्णा विसरले नव्हते. म्हटलं काहीतरी बोलावं, पण ते म्हणाले, "थंडी वाजतेय, टॉवेल दे."

अण्णा परत जायच्या दिवसापर्यंत दुपारची शिकवणी चालू होती. आता डावा हात पसरायचे. मला ते कळायचं, कारण दाराशी मी मुद्दाम बूट आपटायचो, किल्ल्या वाजवायचो, त्यांना वेळ मिळावा म्हणून. आत गेलो की टेबलावर फक्त पुस्तक असायचं. रूळ मुलगी मांडीखाली लपवायची, लहानपणी मी घरी त्यावर दप्तर ठेवून तो झाकायचो तसा. मी म्हणायचो, "चालू द्या की." ती मान हलवायची, पण पुस्तकातून डोळे वर करून माझ्या तोंडाकडे बघायची नाही. माझ्या हाताकडे बघायची.